खालच्या ओळीतला माणूस

१

तुम्हीच सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? दारात उभा राहून आपल्याला नावाने हाक मारणाऱ्या माणसावर, की त्या माणसाशी ज्याचं काही देणंघेणं नाही अशा यंत्रावर? घाईने उत्तर देऊ नका. चेहऱ्यावर भरवसा ठेवून बसणाऱ्या दुकानदाराचं दुकान वर्षभरात गिऱ्हाइकाचं होतं. आणि चेहऱ्यावर मुळीच भरवसा न ठेवणाऱ्याच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाही. इशरतपुढे हाच पेच आला तेव्हा तिच्याजवळ दोन्ही होतं, माणूसही आणि यंत्रही.

मिरकरवाड्याच्या रस्त्यावर गफूरमामूंचं दोरांचं आणि जाळ्यांचं दुकान. खाली सुंभाच्या गुंडाळ्या, नायलॉनचे दोर, जाळ्यांचे गठ्ठे. वर एक खोली, पूर्वी माल ठेवायची. दोन हजार दोन साली त्या खोलीत एक कॉम्प्युटर आला, खाली दुकानात एक टेलिफोन आला आणि मामूंची भाची इशरत वर कामाला बसू लागली. सुंभाचा वास भिंतींतून कधी गेला नाही. कॉम्प्युटरचा पंखा घुं घुं करायचा, बंदराकडून लाँचींची धडधड यायची, आणि इशरत दारावर अर्धा पडदा सोडून आपल्या कामात असायची. नवरा हाशिम शारजाला टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी, तीन वर्षं घरी आला नव्हता. राजिवड्याच्या घरी सासू हलिमा. तिला सून काय आणि शेजार काय, सगळे अम्मा म्हणत.

काम मुंबईच्या एका कंपनीचं. परदेशात कुणी तरी कॉम्प्युटरसाठी नवी भाषा बनवत होतं, आणि त्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजावून देणारा जो कंपायलर असतो, तो तपासायचं काम इशरतकडे होतं. त्यातही तिच्या वाट्याला एकच कोपरा आला होता. आलेला शब्द यादीतल्या शब्दांशी ताडून बघायचा, आणि जुळेल त्या ओळीप्रमाणे वागायचं, हे कंपायलर नीट करतो की नाही ते पाहायचं.

मामूंनी एकदा विचारलं, अगो दिवसभर करतेस तरी काय? तेव्हा तिने ते दुकानाच्या बोलीत सांगितलं. समजा, दुकानात नवा माणूस ठेवला आणि त्याला यादी दिली. अमका आला की सुंभ दाखव, तमका आला की जाळं दाखव, आणि यांतला कुणी नसेल तर जो कोण इतर असेल त्याला बाकावर बसव. ही इतरांची ओळ सगळ्यांत खाली. ती ठेवावीच लागते, कारण जगात नावं किती असतील ते कुणी सांगावं? तो माणूस नीट वागतो का हे बघायला इशरत दिवसभर त्याच्याकडे गिऱ्हाइकं धाडते. नाव अक्षराला अक्षर जुळलं तरच त्या ओळीला, नाही तर इतरांत.

"म्हणजे बिनडोक, पण इमानी," मामू म्हणाले.

शहाणपण कंपायलरला एवढंच होतं, की एकच नाव यादीत दोनदा लिहिलं तर दुसऱ्यावर बोट ठेवून तो सांगायचा, या ओळीपर्यंत कुणी कधीच पोचणार नाही. सांगायचा इंग्रजीतच. आपण आपल्या भाषेत म्हणू.

२

दोराची परीक्षा घ्यायची मामूंच्या घराण्याची एक रीत होती. नवा दोर आला की दुकानामागच्या वाशाला बांधून त्याला जांभा दगड लटकवायचा. माणूस लटकवायचा नाही, लहान पोरगं गंमत म्हणून लोंबकळलं तरी मामूंचा आवाज चढायचा. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका गड्याने पैजेखातर स्वतःचं वजन टाकून दोर तपासला. दोर टिकला. गडी हसत खाली उतरला, आणि तोच दोर घेऊन गेलेल्या होडीवरून त्याच पावसाळ्यात नाहीसा झाला. दोराचा दोष नव्हता, असं मामू आवर्जून सांगायचे. "पण घरचं माणूस नमुन्याला वापरू नये, बाय."

इशरत हसायची. तपासायच्या यादीत पहिल्यांदा ती अर्थ नसलेली अक्षरं लिहायची. दिवसभर तसली अक्षरं बघून डोळे शिणले, तेव्हा तिने घरचीच नावं घातली. गफूर, काशीराम, मग कुणाचंच नाही असं एक पाहिजे म्हणून धाकू, मग हलिमा, इशरत, हाशिम. आणि तळाला इतर. जुळलं की काय छापायचं तेही तिने मजेने लिहिलं होतं. हाशिमच्या ओळीपुढे लिहिलं, हाशिम घरी आला. इतरांपुढे लिहिलं, ओळख पटत नाही.

काशीराम म्हणजे दुकानातला गडी, देवरूखच्या वरच्या वाडीतला. दोराला दोर गुंफण्यात त्याचा हात धरणारा बंदरावर नव्हता. हाशिमला पोरवयात गाठी शिकवल्या त्या त्यानेच. इशरतने त्याला वर बोलावून पडद्यावर नाव दाखवलं तर तो लाजला. म्हणाला, "माझं नाव कशाला गो त्यात? मी काय शारजाला चाललोय?"

गणपती गेले, आणि त्याच आठवड्यात एके सकाळी कंपायलरने काशीरामच्या ओळीवर बोट ठेवलं. या ओळीपर्यंत कुणी कधीच पोचणार नाही.

नाव यादीत दुसऱ्यांदा आलं असेल म्हणून तिने वरखाली पाहिलं. एकदाच होतं. चालवून पाहिलं तर प्रोग्राम बिनचूक चालत होता. काशीराम म्हटलं की काशीरामच्याच ओळीला जात होता. इशारा तेवढा खोटा. तिला बरंच वाटलं, कारण चूक सापडणं हीच तिच्या कामाची कमाई. तिने फाईल मुंबईला पाठवली. तिथल्या साहेबाचं उत्तर आलं, की आमच्याकडे असा इशारा येत नाही, तुमची मशीन तपासून घ्या.

काशीराम त्या दिवशी गावी निघाला होता. भाताला लोंब्या धरल्या, राखण बघून येतो म्हणाला. गावच्या घरी जेवून पडवीत आडवा झाला आणि उठला नाही. दुकानात निरोप आला तेव्हा मामू दोराची गुंडाळी करत होते, ती त्यांच्या हातातून सुटून पायरीपर्यंत उलगडत गेली.

३

शिकल्यासवरल्या माणसाला एक खोड असते, दोन गोष्टी एकामागून एक घडल्या तरी तो त्यांना एकमेकींची पाहुणी समजतो, सोयरी समजत नाही. इशरतनेही तेच केलं. काशीराम साठीला आलेला, बिड्या ओढणारा. कंपायलर अर्धाकच्चा. या दोहोंचा संबंध लावणारी बाई उद्या लिंबूमिरची बांधेल, असं ती स्वतःलाच म्हणाली. मयताचं नाव पडद्यावर बघवेना म्हणून ती ओळ तेवढी काढून टाकली. इशारा गेला. सगळं स्वच्छ झालं.

पुढे हाशिमचा फोन आला. करार संपला, सेठने तिकीट दिलं, येतोय. फोन दुकानातच यायचा. मामूंनी वर हाक दिली, आणि ती जिना उतरेपर्यंत अर्धं बोलणं त्यांनीच उरकलं होतं. अम्मांना कळवलं. त्यांनी कपाटातली चादर काढून उन्हात टाकली.

दुसऱ्या दिवशी कंपायलरने हाशिमच्या ओळीवर बोट ठेवलं.

यादीत त्या एका नावाचीच काय ती चूक. वरची सगळी नावं बिनघोर, धाकूसुद्धा, ज्याच्या ओळीपर्यंत पोचायला मुळात माणूसच नव्हता. तिने मशीन बंद करून पुन्हा लावली. यादी नव्याने लिहिली. हाशिमच्या ऐवजी हसन लिहिलं, इशारा गेला. हाशिम लिहिलं, आला. खाली उतरून तिने शारजाला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं, की हाशिम निघाला, पेटी घेऊन विमानतळावर गेला, इथून हसत गेला. तिने रिसीव्हर ठेवला आणि ती दोराच्या गठ्ठ्यावर बसली.

"काय गो, चेहरा का असा?" मामूंनी विचारलं.

तिने सांगितलं. मामू नेहमी गोष्टीला गोष्ट जोडणारा माणूस, पण या वेळी त्यांनी काहीच जोडलं नाही. एवढंच म्हणाले, की तो आला की आधी मला दाखव.

४

हाशिम भर दुपारी आला. ऑक्टोबरचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. रिक्षा गेल्याचा आवाज इशरतला ऐकू आला, आल्याचा आठवत नाही. अम्मा दारात गेल्या आणि तिथेच चौकट धरून थांबल्या. मग "ये" म्हणाल्या.

तोच होता. भुवईवरचा व्रण होता, खांदा किंचित उतरवून चालणं होतं, आवाज तोच. पेटीत अम्मांना शाल, इशरतला अत्तर. इशरतला रडू फुटलं, आणि त्या रडण्यात साठलेली भीती वाहून गेली. इशारा खोटा होता. हा काय, पोचला.

तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सालन वाढलं. तो नीटस जेवत होता आणि एकेकाची विचारपूस करत होता. गफूरमामू कसे आहेत, म्हणाला. बरे आहेत. मग म्हणाला, धाकू कसा आहे?

इशरतने हातातला डाव खाली ठेवला.

"कोण धाकू?" तिने विचारलं.

"आपला धाकू," हाशिम म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. मग अम्मांकडे वळून त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं, मग तिच्याकडे वळून तिच्या कामाचं.

ती वाट बघत राहिली. काशीरामचं विचारेल. तो मेल्याचं हाशिमला कुणी कळवलं नव्हतं, फोनवर असली बातमी देऊ नये असं मामूंचं मत होतं. ज्याने गाठी शिकवल्या, ज्याच्या बिड्या चोरून ओढल्या, त्याचं नाव तो काढीलच. जेवण संपलं, हात धुतले, सुपारी झाली. काशीरामचं नाव निघालं नाही.

५

मामूंनी त्याला दुकानात बसवून घेतलं, शारजाच्या गप्पा काढल्या, आणि बोलता बोलता दोराचं टोक हातात दिलं. जाळ्याच्या कडेला घालतात ती गाठ मारून दाखव, सवय मोडली असेल. हाशिमने मारली. सहज, न बघता, आणि इतकी रेखीव की दुकानातलं एक गिऱ्हाईक वाहवा म्हणालं.

तो गेल्यावर मामूंनी ती गाठ उजेडात धरली. गाठीच्या पोटात एखादा वळसा चुकलेला असावा तशी ते ती फिरवून फिरवून बघत होते, आणि चुकलेला वळसा काही सापडेना. अखेरीस म्हणाले, "काशीराम मरेपर्यंत ओरडत होता, की या पोराची गाठ डावीकडे जाते. जन्मात सरळ आली नाही. आता आली."

"तीन वर्षांत शिकले असतील," इशरत म्हणाली.

"असतील," मामू म्हणाले. गाठ त्यांनी सोडली नाही, तेवढा तुकडा कापून मागच्या गटारात टाकला. आणि त्या दिवसापासून हाशिम दुकानात आला की त्यांना काही तरी काम निघायचं.

इशरत घरी बघत होती. बघण्यासारखं काही नव्हतं, हीच तर गोष्ट. मागचं दार ठेंगणं, हाशिमचं डोकं त्यावर आपटल्याशिवाय दिवस जायचा नाही. आता तो दाराच्या अलीकडेच वाकायचा. अम्मांच्या प्रत्येक जुन्या आठवणीला त्याच्याजवळ जोड होती, पण अम्मांनी काढली तर, आपणहून तो एकही काढत नसे. अत्तर त्याने आणलेलं, पण बाटलीला वास नव्हता. तिने नाकाशी धरली, अम्मांनी धरली. उन्हाने उडाला असेल, असं ठरलं.

६

हाशिम डबा घेऊन वर आला ती वेळ दुपारची. पंखा चालू, खिडकीतून बंदर दिसत होतं. त्याने कुतूहलाने मशीनकडे पाहिलं, तेव्हा इशरतला वाटलं, आता सोक्षमोक्ष करून टाकावा. मन शंका काढतं, पण यंत्राला सासर-माहेर नसतं.

तिने प्रोग्राम लावला आणि आधी स्वतः हाशिम हे नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, हाशिम घरी आला.

"आता तुम्ही लिहा."

तो खुर्चीवर बसला. एका बोटाने, अक्षर शोधत, त्याने आपलं नाव लिहिलं. तिने प्रत्येक अक्षर पडताना पाहिलं. बरोबर होतं. त्याने बटण दाबलं.

ओळख पटत नाही.

तिने त्याला पुन्हा लिहायला सांगितलं. तेच आलं. शब्दामागे रिकामी जागा राहिली असेल म्हणून तिने दोन्ही शब्दांची लांबी काढली, एकच. एकाखाली एक ठेवून अक्षरं ताडली, सारखीच. त्याच्या खांद्यावरून हात घालून तिने नाव लिहिलं की पडद्यावर हाशिम घरी यायचा. त्याने लिहिलं की खालची ओळ.

तिला वाटलं, तो चिडेल, हसेल, तुझं मशीन बिघडलंय म्हणेल. खऱ्या हाशिमने टेबलावर थाप मारली असती. हा पडद्याकडे बघत राहिला, परक्या घरी चहा नको म्हणताना माणसं हसतात तसा हसला, आणि हळू आवाजात म्हणाला,

"मग वरची ओळ ठेवतेस कशाला? खालची पुरते की."

डब्यावरचं झाकण त्याने काढून ठेवलं आणि तो जिना उतरला. पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत आला. दुकानाच्या फळीवर पुढचं पाऊल पडायला हवं होतं, ते पडलं नाही.

७

संध्याकाळ व्हायच्या आत ती राजिवड्याला आली. अम्मा मागल्या दारी सुकं म्हावरं निवडत होत्या, हाशिम मशिदीकडे गेलेला. इशरतने सगळं सांगितलं. कंपायलर, इशारा, यादी, त्यांना काय कळलं असेल ते असो. शेवटी म्हणाली, की अम्मा, ते पोचलेच नाहीत. कुठे तरी वाटेत आहेत, नाही तर कुठेच नाहीत. आपण शोध घ्यायला पाहिजे.

अम्मांनी सुपातलं माशाचं एक डोकं उचलून मांजराकडे टाकलं.

"मला दारातच कळलं," त्या म्हणाल्या. "मी आई आहे. मशीन लागत नाय मला."

"मग आत का घेतलंत?"

"नाय म्हटलं असतं तर काय झालं असतं? दार रिकामं राहिलं असतं. तीन वर्षं बघितलं मी रिकामं दार." त्यांनी सूप झटकलं. "ताटावर कोण तरी बसतंय, हाक मारली तर ओ देतंय. तू शोध घेशील, आणि तुला सापडेल काय ते मला माहीत हाय. ते नको आणू घरात."

परसात माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. आतल्या खोलीतून कुणी तरी पुटपुटल्यासारखा आवाज येऊ लागला. हाशिम मशिदीत होता, म्हणजे असायला हवा होता. ती उंबऱ्यापर्यंत गेली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि नावं म्हणत होता. गफूर, मग थोडा थांबला. धाकू, पुन्हा थांबला. प्रत्येक नावाबरोबर त्याच्या मानेची ठेवण बदलत होती, कोट अंगाला बसतो का ते बघावं तशी. हलिमा म्हणताना पाठीला अम्मांचा बाक आला.

पुढचं नाव तिने ऐकलं नाही. ती मागे सरली, अम्मांजवळ बसली, आणि मुकाट्याने म्हावरं निवडू लागली. तिच्या हातांना दुसरं काम नव्हतं.

८

पोलिसांत जाऊन सांगावं काय? नवरा घरी आलाय, तो हरवल्याची तक्रार घ्या? मुंबईच्या साहेबाला लिहावं काय? तो म्हणेल मशीन तपासा. मामूंना सांगायला ती सकाळी दुकानात आली, तर मामू मालासाठी चिपळूणला गेलेले. दुकान उघडून काशीरामच्या जागी आलेला नवा गडी बसला होता. ती वर गेली.

तिने पुष्कळ विचार केला असं म्हणवत नाही. हरलेला माणूस विचार करत नाही, शेवटचं जे कानावर पडलं ते करतो. अम्मा म्हणाल्या होत्या, नको आणू. तो म्हणाला होता, वरची ओळ कशाला. ओळ आहे तोवर इशारा येणार आणि इशारा येतो तोवर तिला झोप नाही. तिने यादी उघडली, हाशिमचं नाव असलेली ओळ निवडली, आणि पुसली. पुसताना मेल्या माणसाच्या डोळ्यांवर हात फिरवल्यासारखं वाटलं. मग कंपायलर लावला. आता पडदा स्वच्छ यायला हवा होता.

इशारा गेला नव्हता. एक ओळ वर सरकला होता.

या ओळीपर्यंत कुणी कधीच पोचणार नाही. ओळीवर नाव होतं, इशरत.

खाली गड्याने कुणाला तरी "या" म्हटलं, अगदी घरच्या माणसाला म्हणावं तसं, आणि जिन्यावर पावलं चढू लागली. हाशिमची नव्हती. हलकी होती, मधल्या कुरकुरणाऱ्या पायरीवर पाय न देता वरच्या पायरीवर जात होती. ती पायरी टाळायची सवय एकट्या तिचीच. इशरत खुर्चीतून उठली नाही. उठून जायला दार एकच होतं, आणि पावलं त्याच्याशी येऊन थांबली. अर्ध्या पडद्याखाली तिला ओढणीचा काठ दिसला. तिने खाली आपल्या अंगाकडे पाहिलं. तोच काठ होता, सकाळी खिळ्याला लागून उसवलेला धागासुद्धा.

पडदा बाजूला झाला.

त्या संध्याकाळी इशरत वेळेवर घरी आली, असं अम्मा सांगतात. मामू परतले तेव्हा दुकानात हसून बोलली, असं गडी सांगतो. काम ती अजून करते, मुंबईचा साहेब खूष आहे, म्हणतो हल्ली तुमच्याकडून एकही इशारा येत नाही. घरात तिघं जण जेवायला बसतात, आवाज चढत नाही, सुपारी फुटते. मामूंनी मात्र तिला यंत्र घरी नेऊ दिलं, वरच्या खोलीला कुलूप लावलं, आणि भाचीचं नाव निघालं की ते दोराच्या गुंडाळीत डोकं घालतात.

तेव्हा एवढी विनंती आहे. आज रात्री दार लावण्याआधी घरातली माणसं मोजाल, तेव्हा हिशेब खरा ठेवा. जो आला त्यालाच आला म्हणा. जो आला नाही त्याची जागा कितीही रिकामी दिसली, कितीही खुपली, तरी ती रिकामीच मांडा.